अर्ध्या कोयत्याचा हिशेब

समान कामाबद्दल स्त्री-पुरुषांना समान वेतन, हे तत्त्व राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात नमूद आहे. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, १९७५ साली, त्यासाठी वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये समान वेतन कायदा झाला. आज त्याची जागा वेतन संहितेने घेतली असून ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पन्नास वर्षांची ही वाटचाल कागदावर समाधानकारक दिसते. प्रश्न एवढाच उरतो की, जिचे वेतन स्वतंत्रपणे कोठे लिहिलेच जात नाही, त्या स्त्रीला ते समान मिळते की असमान, हे ठरवायचे कसे?

बीड जिल्ह्यातून व मराठवाड्याच्या अन्य दुष्काळी तालुक्यांतून दर हंगामात ऊसतोडीसाठी बाहेर पडणारे मजूर ‘कोयता’ या मापाने मोजले जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि प्रत्यक्षात ती नवऱ्याच्या हाती पडते. फडात मात्र काम दोघांचे असते. पुरुष ऊस तोडतो, स्त्री पाचट काढते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहून नेते. त्याआधी पहाटे व त्यानंतर रात्री कोपीवरचे पाणी, सरपण, स्वयंपाक आणि मुले तिचीच. हंगामाअखेर हिशेब होतो तो टनांचा व उचलीचा. त्यात तिचे नाव नसते. मात्र ती एक दिवस आजारी पडली तर खाडा कोयत्यावर लागतो. तिच्या श्रमाची दखल घेतली जाते ती केवळ दंडापुरती! खाडा टाळण्यासाठी बीडमधील अनेक स्त्रियांनी तरुण वयातच गर्भाशय काढून टाकल्याचे उघड झाले, तेव्हा २०१९ साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. समिती आली, चर्चा झाली. मोजण्याचे माप मात्र कोयता हेच राहिले.

घरात पैसा आला म्हणजे तो दोघांचाच, असे यावर सांगितले जाते. अर्थशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तकेही कुटुंबाला एकच घटक मानून चालत. मुकादमाने ती न वाचताच तोच सिद्धान्त अंगीकारला आहे. वस्तुतः कर्ज कोणी काढले, ते कशावर खर्च झाले आणि कोणाच्या श्रमातून फिटले, हे तीन प्रश्न वेगळे विचारले की घटकाचे ऐक्य संपते. नवरा वारला तर उचल फेडण्याची जबाबदारी मात्र बाईवर येते, आणि अर्ध्या कोयत्याला काम देण्यास मुकादम सहसा राजी नसतो.

दोष केवळ मालकांचा नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील एका लघुलेखिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९८७ साली निकाली निघाला. स्त्री लघुलेखकांना पुरुषांपेक्षा कमी पगार देणारा करार १९७५ साली झाला होता आणि त्यावर कर्मचारी संघटनेचीही सही होती. न्यायालयाने करार व कंपनीची आर्थिक अडचण, या दोन्ही सबबी फेटाळल्या. पण त्या लघुलेखिकेजवळ एक गोष्ट होती : तिच्या नावाचा पगार. पुरुषाच्या पगाराशेजारी ठेवून तो मोजता आला. ऊसतोडीचे दर ठरवताना साखर संघासमोर बसणाऱ्या कामगार संघटना प्रतिटन दरासाठी आणि मुकादमाच्या कमिशनसाठी आटोकाट भांडतात. कोयता फोडून दोन मजूर लिहा, ही मागणी त्यांच्या यादीत वर कधी आली?

ही मागणी अव्यवहार्य म्हणता येणार नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत माती खणणारा पुरुष आणि ती वाहणारी स्त्री यांची हजेरीपटावर वेगवेगळी नावे असत, दरही कामाच्या मापावर ठरत. त्याच तालुक्यांतील त्याच बायका खडी फोडताना मजूर ठरत होत्या. उसाच्या फडात गेल्यावर त्या अर्धा कोयता होतात.

वेतन संहितेने मजुरांची नोंदवही ठेवण्याचे व वेतनचिठ्ठी देण्याचे बंधन मालकावर घातले आहे. मजूर मुकादमाचे, असे कारखाना म्हणणार आणि मुकादम कारखान्याकडे बोट दाखवणार, हे उघडच आहे. म्हणून पुढील दरकरारातच कलम हवे : प्रत्येक मजुराची नोंद स्वतंत्र, उचलीच्या कागदावर दोघांच्या सह्या, तोडणी आणि मोळी-वाहणी यांचा मोबदला वेगवेगळा दाखवून स्त्रीचा हिस्सा तिच्या बँक खात्यात, आणि आजारपणाचा खाडा रद्द. वाटाघाटींना बसणाऱ्या शिष्टमंडळात ऊस तोडणाऱ्या बायका किती असतील, हे संघटनांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी जाहीर करावे.