बाकावरच्या माणसाचा हिशेब

मंडळी, आजचा विषय क्रिकेट. आमच्या धाकट्या जाऊबाईंसारखा ज्यांना या खेळाचा कंटाळा आहे त्यांनी हा लेख सोडून दिला तरी माझा राग नाही. पण जमलं तर वाचाच, कारण यात क्रिकेट जेवढं आहे तेवढीच माणसाला मार्क देण्याची आपली पद्धतही आहे.

२० डिसेंबर २०२५ रोजी टी-ट्वेंटी वर्ल्डकपसाठी भारताचा संघ जाहीर झाला आणि त्यात जितेश शर्माचं नाव नव्हतं. कीपर म्हणून संजू सॅमसन आणि इशान किशन. तेव्हापासून डायमंड गार्डनच्या सकाळच्या मंडळींपासून ते पुण्याच्या माझ्या भाच्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकत आले आहे. "एवढ्या संधी मिळाल्या, त्याने केलं काय?"

हे वाक्य अन्यायाचं आहे. आणि ते बोलणाऱ्यांपैकी एकानेही 'एवढ्या' म्हणजे किती हे मोजलेलं नाही. मी मोजलं.

जितेश आपल्या अमरावतीचा, जन्म ऑक्टोबर १९९३ चा. विदर्भाकडून वाढला, २०२५-२६ च्या मोसमात बडोद्याकडे गेला. विदर्भात लाल चेंडूच्या क्रिकेटमध्ये कीपरची जागा अक्षय वाडकरची. २०२४-२५ ची रणजी विदर्भाने जिंकली तीही वाडकरच्या कप्तानीखाली. मुंबई इंडियन्सने जितेशला २०१६ आणि २०१७ च्या मोसमांत संघात ठेवलं, पण सामना एकही दिला नाही. आयपीएलमधला पहिला सामना मिळाला तो २०२२ साली, पंजाबकडून. म्हणजे राखीव असणं हा या मुलाचा जवळजवळ कायमचा पत्ताच झाला आहे.

आता आकडे बघा. २०२२ ते २०२५ या चार आयपीएल मोसमांत तो ५५ सामने खेळला. धावा ९९१. ऐकणारा लगेच म्हणतो, "बघा, ५५ सामन्यांत हजारसुद्धा नाहीत!" पण या ९९१ धावांसाठी त्याला खेळायला मिळालेले चेंडू किती? ६३१. सामन्यामागे साडेअकरा. काही सामन्यांत तर बॅट हातात घ्यायची पाळीच आली नाही. साडेअकरा चेंडू म्हणजे पुरती दोन षटकंही नव्हेत. तेवढ्यात त्याने शंभर चेंडूंमागे १५७ धावांचा वेग ठेवला. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर, शेवटची षटकं चालू असताना, आल्या आल्या मारायचं या अटीवर.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. एखाद्या मुलाला दहा मार्कांचा एकच प्रश्न सोडवायला द्यायचा, उरलेली प्रश्नपत्रिका शेजारच्याला द्यायची आणि निकाल मात्र शंभरापैकी लावायचा, असं कुठल्या शाळेत केलं असतं तर पालकांनी शाळा डोक्यावर घेतली असती. क्रिकेटमध्ये हेच रोज चालतं आणि आपण टाळ्या वाजवतो.

भाचा हुशार आहे, तो लगेच म्हणाला, "मावशी, २०२५ चा मोसम एका डावावर उभा आहे." डाव कुठला ते सगळ्यांना माहीत आहे. २७ मे २०२५, लखनौ. समोर २२७ धावांचा डोंगर, बंगळुरूचा नेहमीचा कप्तान रजत पाटीदार फक्त बदली फलंदाज म्हणून, त्यामुळे त्या दिवशीची कप्तानीही जितेशकडे. त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, सामना आठ चेंडू राखून जिंकला आणि संघ पहिल्या दोघांत गेला. पुढे ३ जूनला बंगळुरूने अठराव्या मोसमात पहिल्यांदा आयपीएल जिंकली. अंतिम सामना सहा धावांनी सुटला, आणि त्यात जितेशच्या १० चेंडूंत २४ होत्या. सहा धावांचा फरक असताना या २४ ची किंमत काय हे मी सांगायला नको.

तरी भाच्याचं मन राखू. तो ८५ चा डाव पुसून टाकू. त्या मोसमातल्या २६१ धावांतून ८५ गेल्या, उरल्या १७६. चेंडू १४८ मधून ३३ गेले, उरले ११५. वेग १५३. सगळ्यात चांगला डाव काढून घेतल्यावरही हा हिशेब असेल तर "एका डावावर उभा आहे" म्हणणाऱ्याने वही पुन्हा तपासावी.

आता भारताच्या संघाकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे. राखीव माणसाचं येणं आणि जाणं दोन्ही दुसऱ्याच्या कुंडलीत लिहिलेलं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एशिया कपसाठी शुभमन गिल सलामीला आणला गेला. त्यामुळे सॅमसन मधल्या फळीत सरकला. जितेश त्या स्पर्धेत सातही सामने बाकावर होता. पुढे ऑस्ट्रेलियात, २ नोव्हेंबरला होबार्टला त्याला सॅमसनच्या जागी घेतलं. त्याने १३ चेंडूंत नाबाद २२ केल्या, भारत जिंकला. डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तोच कीपर. मग वर्ल्डकपचा संघ निवडताना गिललाच वगळलं, सॅमसन परत सलामीला गेला, आणि मग अजित आगरकरांच्या निवड समितीला दुसरा कीपरही वरच्या फळीत खेळणाराच हवासा वाटला. गिल आला म्हणून जितेशला दार उघडलं आणि गिल गेला म्हणून बंद झालं. या सगळ्यात जितेशने बरं किंवा वाईट काय केलं? काहीच नाही. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की भाडेकरूने सामान बांधायचं, त्यातला प्रकार.

गैरसमज नको. इशान किशनबद्दल माझी तक्रार नाही. त्याने त्या डिसेंबरात सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत ५१७ धावा केल्या, अंतिम सामन्यात शतक ठोकलं, झारखंडला पहिल्यांदा ती ट्रॉफी मिळवून दिली. त्याला घ्यायलाच हवं होतं. निवड समितीने संघाची रचना बदलली, हाही त्यांचा अधिकार. माझी तक्रार तुमच्या-माझ्यासारख्या बघणाऱ्यांशी आहे. समितीने जागा रद्द केली आणि आपण माणूस नापास केला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चेंबूरकरांनी तरी ही गल्लत करू नये. कारण ज्या सूर्यकुमार यादवच्या कप्तानीखाली हा संघ निवडला गेला तो शेजारच्या अणुशक्तीनगरात वाढलेला. त्याचंच उदाहरण घ्या. कोलकात्याकडे तो २०१४ ते २०१७ असे चार मोसम होता. खालच्या क्रमांकावर येऊन थोडे चेंडू खेळायचे, हेच काम. चार मोसमांत मिळून धावा सहाशेच्या आसपास. तेव्हाही लोक म्हणत होते की मुलगा चांगला, पण केलं काय? २०१८ मध्ये मुंबईने त्याला वर पाठवलं आणि त्याने एका मोसमात ५१२ धावा केल्या. माणूस तोच, बॅट तीच. खेळायला चेंडू मिळाले एवढाच फरक. तरीही भारताची टोपी मिळायला मार्च २०२१ उजाडला, तेव्हा वय तीस.

आणि जुन्या मुंबईकरांना समीर दिघे आठवत असेल. मार्च २००१, चेन्नई. स्टीव वॉचा ऑस्ट्रेलिया, मालिका १-१, नयन मोंगियाला दुखापत. दिघेला बत्तिसाव्या वर्षी पहिली कसोटी मिळाली ती ही. शेवटच्या दिवशी १५५ धावा करताना आपले आठ गडी गेले आणि हा राखीव कीपर नाबाद २२ वर उभा राहिला. मालिका जिंकली. आपल्याला हरभजनच्या बत्तीस विकेट्स आठवतात, लक्ष्मणचे २८१ आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या २२ धावा नसत्या तर? दिघेच्या वाट्याला एकूण कसोट्या आल्या सहा. सरासरी बघून कोणी त्याला मोठा म्हणणार नाही. गरजेच्या दिवशी तयार असणं, हे राखीव माणसाचं काम त्याने चोख केलं.

आता जितेशच्या विरुद्ध जे आहे तेही मांडते, नाहीतर म्हणाल बाई विदर्भाची वकिली करतात. २०२४ चा मोसम त्याचा वाईट गेला. १४ सामन्यांत १८७ धावा, वेग १३२ च्या आत. त्याच्या कामाला हा वेग पुरत नाही. भारताकडून रायपूरला १९ चेंडूंत ३५, मोहालीला २० चेंडूंत ३१ असे डाव आहेत, पण सामना एकट्याने फिरवला असा डाव २०२५ संपेपर्यंत तरी नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोह्याला भारत अ संघाचा कप्तान असताना बांगलादेश अ विरुद्धच्या उपांत्य सामन्यात सुपर ओव्हर आली, तो स्वतः पहिल्यांदा उतरला आणि पहिल्याच चेंडूवर बाद झाला. वैभव सूर्यवंशी बसून राहिला. निर्णय चुकला, आणि त्याची जबाबदारी जितेशने स्वतःवर घेतली. हे सगळं खात्यात मांडायचंच. पण दोन्ही बाजू मांडायच्या.

मग पुढे काय? बंगळुरूने त्याला २०२६ साठीही कायम ठेवलं, ते उगीच नाही. तिथे दिनेश कार्तिकसारखा मार्गदर्शक लाभला. कार्तिक स्वतः धोनीच्या सावलीत वर्षानुवर्षं राखीव राहिला आणि सदतिसाव्या वर्षी, २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्डकप हेच शेवटच्या षटकांचं काम करत खेळला. त्यामुळे बत्तिशी ओलांडली म्हणून जितेश संपला असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. माझा अंदाज विचाराल तर त्याला एका मोसमात मिळणार दीडशे-दोनशे चेंडू. त्यात तो वेग दीडशेच्या वर ठेवील, तीन-चार वेळा लवकर बाद होऊन शिव्या खाईल, आणि एखाद-दुसरा सामना असा काढून देईल की तो नसता तर गेलाच होता. भारताच्या संघाचं दार मात्र वरच्या फळीत खेळणारे कीपर जोरात आहेत तोवर अरुंदच राहणार. त्याला उपाय एकच दिसतो. बडोद्याने त्याला टी-ट्वेंटीत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर पाठवावं. साठ चेंडू खेळायला मिळाल्यावर हा माणूस काय करतो ते एकदा कळू दे. तेव्हाही नाही जमलं तर मग खुशाल नापास करा, मी एक शब्द बोलणार नाही.

तोवर माझं एवढंच मागणं आहे. कोणाही राखीव माणसाबद्दल बोलताना, मग तो मैदानावरचा असो की ऑफिसातला की आपल्याच घरातला, त्याने किती केलं हे विचारण्याआधी त्याला किती दिलं होतं ते विचारा. धावांच्या शेजारी कंसात चेंडू छापलेले असतात, ते वाचायला चष्म्याचा नंबर वाढवावा लागत नाही.

असो. भाच्याचं उत्तर येईलच. या वेळी वही तपासून लिही रे बाबा!