'वय झालं' म्हणून सोडू नका

पन्नाशी ओलांडलेली बाई न्हाणीघरात पाय घसरून पडते, हातावर भार येतो आणि मनगट मोडतं. घरात चर्चा होते ती ओल्या फरशीची. वर 'बघून चालायला नको का?' हेही तिलाच ऐकवलं जातं. प्लास्टर चढतं, निघतं आणि विषय संपतो. माझ्या मोठ्या मावशीचं असंच झालं. पुढे तिची पाठ दुखू लागली, ती वाकत गेली, साडीच्या निऱ्या पुढून जमिनीवर लोळू लागल्या. वय झालं, म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं. एक्स-रे काढल्यावर कळलं, मणके केव्हाच दबले होते.

उभ्या उभ्या पडून निरोगी हाड सहसा मोडत नाही. ते मोडलं तर हाडांच्या ठिसूळपणाची शंका घ्यायलाच हवी. मणका तर नुसती भरलेली बादली उचलतानाही दबतो आणि पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पहिली काही वर्षं हाडांची झीज झपाट्यानं होते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स आणि तंबाखू त्यात भर घालतात. मिश्री लावणंही त्यातच आलं.

तपासणी सोपी आहे. डेक्सा स्कॅनमध्ये खुबा आणि कमरेचे मणके पाहतात. हाडांची घनता सांगणारा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की उपचार लागतात. इथे एक गैरसमज घरोघरी आहे: 'कॅल्शियमची गोळी चालू आहे ना, मग झालं!' नाही होत. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच, पण हाड आधीच ठिसूळ झालं असेल तर तेवढ्यानं भागत नाही. मावशीला आठवड्याची गोळी दिली आहे. ती सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. तिनं रविवार धरला आहे. चहा लांबवून ती तेवढ्यात कुंड्यांना पाणी घालते. काहींना दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं. ते 'आता बरं वाटतंय' म्हणून परस्पर बंद करणं धोक्याचं आहे, कारण ते थांबताच झीज उसळून येते आणि मणके मोडू शकतात.

खाण्याचं म्हणाल, तर पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम मिळतं. नाचणीची भाकरी, दूध-दही, तिळाची चटणी; आपल्याकडे कमी काही नाही. फक्त घरच्या बाईनं सगळ्यांना वाढून उरलेल्यावर भागवू नये.

मला सगळ्यात काळजी वाटते ती मायेपोटी होणाऱ्या नुकसानाची. 'तू उठू नकोस, पडशील,' असं म्हणून आपण आईला खुर्चीत बसवून ठेवतो. बसून राहिलं की स्नायू जातात, तोल जातो आणि पडण्याची भीती खरी ठरते. तिला रोज चालू द्या, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठ-बस करू द्या. शेजारी उभे राहा, हवं तर. मात्र मणके नाजूक असतील तर पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकायची आसनं नकोत, आणि केर काढायला लांब दांड्याचा झाडू द्या. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडी बसवा, सरकणारी पायपुसणी काढून टाका, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नका.

आणि या रविवारी आईची, सासूबाईंची, वडिलांचीही उंची भिंतीला लावून मोजा. तरुणपणापेक्षा दीड इंचाहून जास्त घटली असेल, तर डॉक्टरांना मणक्याच्या एक्स-रेबद्दल आणि डेक्साबद्दल विचारा.