देवालयांतील उजेड

देवगडचें दीपगृह उजळतें तें स्वतः दुरून दिसावें म्हणून. देवालयांतील दिवा असतो तो देव दिसावा म्हणून. हा भेद जुन्या गोव्यास बॉम जीझस चर्च पाहतांना आम्हांस नीट उमगला.

इ. स. १५९४ ते १६०५ या काळांत बांधलेलें हें चर्च मुख्यतः आपल्या ओळखीच्या जांभ्या दगडाचें. बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढला गेला. तेव्हांपासून तो सच्छिद्र दगड उघडाच भिजतो. अशा भिंतींत तारांसाठीं भोकें पाडणें म्हणजे पाण्यास वाट दाखविणें. आंत सोनेरी मुलाम्याची लांकडी वेदी. अशा कामास प्रखर उष्णता व अतिनील किरण दोन्ही बाधतात. एलईडी दिव्यांच्या उजेडांत हीं दोन्ही अल्प, म्हणून ते योग्य. परंतु मंद, पिवळसर आणि दृष्टीआड लाविलेले हवेत.

आमच्याकडील एका देवळाच्या गाभाऱ्यांत पांढरी विजेची नळी लागली, तेव्हां नातवानें विचारिलें, "आजोबा, नंदादीप विझला का हो?" तो तेवतच होता, दिसत मात्र नव्हता.

वाचकहो, जीर्णोद्धार करणाऱ्यांनीं नवे दिवे आणण्यापूर्वीं एक सायंकाळ जुन्याच उजेडांत बसून पाहावी, एवढीच विनंती.