विसरलेला धर्म म्हणे!

बेने इस्राएल लोकांबद्दल मराठीत काहीही वाचायला घ्या, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात ते वाक्य येतंच. "कोकणात आलेले हे ज्यू आपला धर्म विसरले होते, मग दावीद रहाबीने त्यांना तो पुन्हा शिकवला." इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते.

विसरले म्हणजे नक्की काय विसरले हो? हिब्रू विसरले, मान्य. तोराच्या गुंडाळ्या नव्हत्या, रब्बी नव्हता. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, म्हणजे पुष्कळच नंतरचं. 'शेमा' ही एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली होती; बारसं असो की मयत, तीच म्हणायची.

पण मुलाची सुंता आठव्या दिवशीच व्हायची. शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक आलं तरी बंद! हे इतकं पक्कं की अलिबागकडच्या गावांनी त्यांना नावच 'शनवार तेली' असं दिलं. वर्षातून एक दिवस दारं लावून घ्यायची आणि कडक उपास करायचा, हा 'दारफाळणीचा सण'. त्याचं पोथीतलं नाव योम किप्पूर. पेसाहच्या सुमाराला आंबट कालवणाचं मडकं झाकून ठेवायचं, तो 'अनाशी ढाकायचा सण'. मिसर देशातून सुटकेची कथा पुसट झाली असेल, पण या दिवसांत आंबलेलं चालत नाही हे कुठल्यातरी आजीने सुनेला सांगितलं, सुनेने तिच्या सुनेला. याला विसरणं म्हणायचं?

गंमत म्हणजे रहाबीची गोष्टच या वाक्याच्या विरुद्ध साक्ष देते. (तो कधी आला यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही, ते सोडा.) हे लोक खरंच ज्यू आहेत का हे बघायला त्याने म्हणे बायकांना मिसळीचे मासे रांधायला दिले. त्यांनी ज्यांना खवले आणि पर नाहीत ते मासे काढून बाजूला ठेवले. झाली परीक्षा! म्हणजे शिकवायच्या आधीच विद्यार्थिनी पास होत्या. समाज रहाबीचं नाव कृतज्ञतेने घेतो, ते योग्यच आहे. त्यावरून आपण त्या बायकांना अडाणी ठरवावं, हे मात्र अजब.

धर्म म्हणजे ग्रंथ, असं एकदा डोक्यात बसलं की स्वयंपाकघरातला धर्म दिसतच नाही. आणि हा काही नुसता अभ्यासकांचा वाद नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने सांगितलं, बेने इस्राएल वधूवरांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या वंशाची चौकशी करा. का, तर पिढ्यान्‌पिढ्या यांच्यात रब्बी नव्हते, मग पूर्वजांचे घटस्फोट शास्त्रोक्त झाले कशावरून? घरदार सोडून 'आपल्या' देशात गेलेल्या माणसाला लग्नाच्या नोंदणीला हा प्रश्न! १९६४ साली ही मंडळी जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली, प्रकरण क्नेसेटमध्ये गेलं, तेव्हा कुठे त्या आदेशातून 'बेने इस्राएल' हे नाव निघालं.

मलिद्याबद्दलही तेच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, मध्ये गुलाब. एका शेजाऱ्यांकडे मी तो पोटभर खाल्लाय. तबक बघून लोक लगेच म्हणतात, हा तर आपला प्रसाद, किंवा हे तर मुसलमानांकडून घेतलं. असेल की! शब्द फारसी, पोहे कोकणातले. पण आवाहन एलियाहू हनबीचं आणि फळांवरचे आशीर्वाद हिब्रूत. पोलंडच्या ज्यूंनी तिथलं बीट आणि बटाटा सणाच्या पानात घेतला, त्यांना कोणी विचारत नाही.

आज समाजातले बहुतेक जण इस्रायलमध्ये आहेत. सिनेगॉग आहेत, रब्बी आहेत, मुलं हिब्रूच बोलतात. तिथेही नवस फेडायचा किंवा घरात लग्न असलं की पोहे भिजत पडतात.