रूढी कोण लिहिणार?

‘एलएल.एम. झालीस, वकिली करतेस, आता पीएच.डी. कशाला?’ गेली दोन वर्षं हा प्रश्न मला तीन ठिकाणी विचारला जातो. घरी, विद्यापीठात आणि आपल्या संघटनेच्या बैठकीत. घरच्यांचं मी समजू शकते. विद्यापीठाचं ऐकून घेते, कारण सही त्यांची लागते. पण आपल्याच बैठकीत एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, “अगं, प्रबंधानं कधी मोर्चा निघतो का?” त्या दिवशी मी गप्प बसले. आज उत्तर देते आहे.

मी कर्जतला राहते. कर्जत आणि खालापूरच्या कोर्टांत माझी वकिली चालते. माझ्याकडे येणाऱ्यांत ठाकर आणि कातकरी बाया बऱ्याच. बापाच्या जमिनीत माझा वाटा आहे का, असं त्यांतली एखादी विचारते. मी पुस्तक उघडते. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम २, पोटकलम २: केंद्र सरकारनं अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. मुलीला जन्मानं वाटा देणारी महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती आणि देशाची २००५ ची दुरुस्ती हा आपण आपला विजय मानला. तो विजय या बायांच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेला नाही. त्यांना लागू आहे ती जमातीची रूढी. आणि ही रूढी सांगतं कोण? वाडीतले चार पुरुष.

हा प्रश्न हवेतला नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वाडी. ८० हून अधिक माणसं गेली. अनेकांचे देह मिळालेच नाहीत, त्यांना मृत जाहीर करावं लागलं. अशा आपत्तीनंतर पहिला कागद मागितला जातो तो वारसाचा. लग्न होऊन गेलेली लेक वारस का? विधवा सून? सासऱ्याच्या नावच्या जमिनीवर तिचं काय? दुःखातून डोकं वर काढायच्या आत या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, आणि उत्तर देणाऱ्याच्या हाती नियम नसेल तर त्याची समजूत हाच नियम होतो.

कोर्टानं आता एक दार किलकिलं केलं आहे. मधु किश्वर यांनी १९८२ साली नेलेल्या याचिकेचा निकाल १९९६ मध्ये लागला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी बाईला वारसापासून दूर ठेवणारी कलमं रद्द केली नाहीत, उपजीविकेपुरता आधार दिला. १७ जुलै २०२५ ला रामचरण विरुद्ध सुखराम या खटल्यात मात्र त्याच न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड बाईच्या वारसांना समान वाटा दिला. खालच्या कोर्टांनी त्यांना म्हटलं होतं, मुलीला वाटा मिळतो अशी रूढी सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयानं ते उलटं केलं. मुलीला वगळणारी रूढी असेल तर ती दाखवा, ती आहेच असं धरून चालू नका.

चांगला निकाल. पण उद्या कर्जतच्या कोर्टात भाऊ उभा राहील आणि म्हणेल, ‘आमच्यात मुलीला देत नाहीत.’ चार साक्षीदार आणेल, चौघे पुरुष. त्यांच्यासमोर आपण काय ठेवणार? घोषणा?

मी वाड्यांवर जाऊन म्हाताऱ्यांना विचारते, बाप गेल्यावर दळी कोणी कसली? एकजण म्हणाली, “नाव कुणाचं ते मला काय ठाव? नाचणी मी लावली, मीच कापली.” ही रूढी नाही तर काय आहे? पण ती कुणी लिहून घेतलेली नाही, म्हणून कायद्याच्या लेखी ती नाहीच. वनहक्क कायदा, २००६ चं कलम ४, पोटकलम ४ सांगतं की विवाहितांचा वनहक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा. किती पट्ट्यांवर खरोखर दोन नावं आहेत, नवरा गेल्यावर ते नाव कुणाकडे जातं, हे मी एकेक कागद पाहून टिपते आहे. माझा प्रबंध एवढाच आहे.

मुलाखतीत मला सांगण्यात आलं, “हा विषय समाजशास्त्राचा झाला. कायद्याचं काही घ्या.” कायद्याचं म्हणजे काय? निकालांच्या खंडांतून निकाल काढून त्यावर आणखी एक खंड लिहिणं? जी बाई कोर्टापर्यंत पोचली नाही, तिचा कायदा त्या खंडांत कसा सापडणार? पुढचा प्रश्न होता, “कर्जतहून रोज कशा येणार? मुलं लहान आहेत ना?” बाहेर बसलेल्या पुरुष उमेदवारांना मुलांची वयं विचारली नसावीत.

आता आपल्या बैठकीतल्या प्रश्नाकडे. मथुरा आठवते ना? १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात जिच्यावर बलात्कार झाला ती आदिवासी मुलगी. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी तो निकाल ओळीओळीनं वाचून सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते पत्र हाती घेऊन बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. आधी कुणीतरी वाचत बसलं होतं, म्हणून मोर्चाला मुद्दा मिळाला. आणि वाचणाऱ्यांपैकी धागमवार पुढे अक्कलकुव्यात आदिवासींमध्ये राहून काम करत होत्या. आपल्याच तालुक्यातले माथेरानचे भाई कोतवाल वकील होते. त्यांनी सावकारीविरुद्ध धान्यकोठ्या काढल्या आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात हौतात्म्य पत्करलं. अभ्यास आणि लढा यांत भिंत कुणी घातली?

ती भिंत आपण घातली नसेल, पण आपण ती पाडतही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत, बायांना आणखी दोन मिळू शकतात, बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा आहे, लग्नामुळे गाव बदललं तर संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. हे आपल्या किती मुलींना ठाऊक आहे? आणि नियमांनी सगळं भागतही नाही. अधिछात्रवृत्ती हवी तर पूर्ण वेळ संशोधन करा, वकिली बंद. वकिली ठेवायची तर लोकलचा पास, झेरॉक्स, वाड्यांवर जायची रिक्षा, सगळं पदरचं. कर्जतहून मुंबईच्या ग्रंथालयात जायचं तर जायला दोन तास, यायला दोन तास, आणि परतल्यावर भाकऱ्या आहेतच.

मैत्रिणींनो, मला शाबासकी नको. माझं मागणं वेगळं आहे. प्रत्येक संघटनेनं आपल्या वस्तीतल्या, वाडीतल्या एका तरी मुलीला एलएल.बी.वर न थांबवता पुढे पाठवावं आणि तिचा प्रवासखर्च शिबिराच्या खर्चाइतकाच महत्त्वाचा मानावा. आपल्या कपाटांत पडलेल्या केसच्या फायली आणि बायांच्या जबान्या, त्या बायांची संमती घेऊन आणि नावं झाकून, तिला द्याव्यात. आणि तिचा प्रबंध झाला की तो आधी वाडीवर, मराठीत, वाचून दाखवला जावा. चुकलं असेल तिथे म्हाताऱ्या तिला टोकतील. परीक्षकांची पाळी त्यानंतर.

मीही अजून ठाकर किंवा कातकरी नाही, त्यांच्या वतीनं लिहिणारी बाहेरचीच. माझ्या प्रबंधाचं खरं यश मी तेव्हा मानीन, जेव्हा त्यांच्यातली एखादी डॉक्टरेट घेऊन येईल आणि म्हणेल, “ताई, तुमचं तिसरं प्रकरण चुकलंय.”

तोवर रूढी ते चार साक्षीदारच सांगत राहणार. आणि कोर्ट लिहून घेत राहणार.