नमुना तयार झाल्यानंतर

सरकारी पैशातून चालणाऱ्या संशोधनात लघुउद्योगांनी उतरावे, असा आग्रह धोरणपत्रांतून वारंवार धरला जातो. ते उतरत नाहीत याचे खापर मात्र बहुधा त्यांच्याच अनास्थेवर फोडले जाते आणि हा निधी मुळात कोणाच्या सोयीने बेतलेला आहे, हा प्रश्न बाजूला राहतो.

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच दिले. तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये १९७७ मध्ये रोलंड टिबेट्स यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या एका छोट्या कार्यक्रमाचा अनुभव गाठीशी धरून १९८२ मध्ये जो कायदा झाला, त्याने बाहेरच्या संस्थांकडून वर्षाकाठी १० कोटी डॉलरहून अधिक खर्चाचे संशोधन करून घेणाऱ्या प्रत्येक केंद्रीय खात्याला त्यातील ठरावीक हिस्सा ५०० पर्यंत कर्मचारी असलेल्या उद्योगांसाठी वेगळा काढणे बंधनकारक केले. विद्यापीठांनी त्याला विरोध केला, यात नवल नाही. ताटातला घास त्यांच्याच जाणार होता. आरंभी ०.२ टक्के असलेला हा हिस्सा पुढे वाढत जाऊन २०१७ मध्ये ३.२ टक्क्यांवर पोहोचला.

या योजनेचे खरे मर्म तिच्या रकमेपेक्षा तिच्या तीन टप्प्यांत आहे. पहिल्या टप्प्यात कल्पना व्यवहार्य आहे की नाही एवढेच थोड्या पैशात आणि थोड्या महिन्यांत तपासले जाते, दुसऱ्यात प्रत्यक्ष नमुना घडवला जातो, आणि तिसऱ्यात योजनेतून एक डॉलरही मिळत नाही. मात्र ज्या कंपनीने आधीचे टप्पे पार केले, तिच्याकडून तेच काम पुढे नव्याने स्पर्धात्मक निविदा न काढता घेण्याची मुभा खात्याला असते. म्हणजे ज्याने संशोधनाला पैसा दिला, तोच पहिला ग्राहकही होऊ शकतो.

युरोपीय संघाने वेगळी अडचण हेरली. तेथे संशोधनाचा निधी प्रामुख्याने अनेक देशांतील संस्थांच्या समूहांना मिळत असे आणि अशा समूहात शिरण्याइतके मनुष्यबळ लहान कंपनीकडे नसे. म्हणून २०१४ ते २०२० या काळातील ‘होरायझन २०२०’ कार्यक्रमात एकट्या कंपनीलाही अर्ज करता येईल अशी स्वतंत्र वाट काढली गेली, आणि अर्जाची मुदत संपल्यापासून करारापर्यंतचा अवधी सर्वसाधारणपणे आठ महिन्यांवर आणण्यात आला.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये, नावानेही अमेरिकी योजनेची आठवण करून देणारी, लघुउद्योगांसाठीची संशोधन योजना सुरू केली. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या बायरॅक या सरकारी कंपनीकडून आज नव्या कल्पनेला ५० लाख रुपयांपर्यंतचे प्रारंभिक अनुदान मिळते आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर हे त्याचे एक वाटप-केंद्र आहे. मात्र ही सोय जैवतंत्रज्ञानाच्या कुंपणात आहे. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्याला किंवा भोसरीतल्या टूलरूमच्या मालकाला तिचा उपयोग नाही. संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतील २५ टक्के वाटा उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांना खुला करण्याची घोषणा २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात झाली खरी. पण मोठे उद्योगसमूह आणि दहा कामगारांचे कारखाने एकाच पंगतीला बसवले, की वाढपी कोणाच्या पानाशी थांबतो हे सांगायला नको.

जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेला १ लाख कोटी रुपयांचा संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधीही दीर्घ मुदतीचे अल्पव्याजी किंवा बिनव्याजी अर्थसाहाय्य देणारा आहे, आणि तो तंत्रज्ञानाच्या सज्जतेच्या नऊ पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीपासून, म्हणजे प्रयोगशाळेत तत्त्व सिद्ध झाल्यानंतर, उपलब्ध होतो. लहान कारखानदार मात्र बुडतो तो पहिल्या तीन पायऱ्यांवर. त्याचे खेळते भांडवल कच्च्या मालात आणि येणे बाकीत अडकलेले असते, आणि संशोधनाच्या अनेक योजनांत त्याने स्वतःचा हिस्सा आधी घालायचा असतो. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाच्या मालाचे पैसे ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक केले. अनुदानाच्या हप्त्याला तसे घड्याळ नाही.

इतके करून नमुना तयार झालाच, तरी निविदेत मागील उलाढाल आणि पूर्वानुभव यांची अट समोर येते. ती शिथिल करता येते असे सरकारी खरेदीचे नियम सांगतात. पण ‘करता येते’ आणि ‘करावी’ यांतील अंतर लेखापरीक्षणाला भिणारा अधिकारी सहसा ओलांडत नाही, आणि त्याला फार दोष देण्यातही अर्थ नाही.

हिस्सा राखून ठेवण्याचे तत्त्व आपल्याकडे अपरिचित आहे, असेही नाही. २०१२ च्या आदेशाने केंद्रीय मंत्रालयांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी वस्तू व सेवांच्या वार्षिक खरेदीतील २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असे ठरवले, आणि २०१८ मध्ये हे प्रमाण २५ टक्के झाले. सर्व खात्यांच्या संशोधन खर्चासाठी अशी एक ओळ अद्याप लिहिली गेलेली नाही.