हंडीचे बक्षीस नको, मैदानाची किल्ली द्या

'सुरतेत मराठी माणसाला काय कमी आहे?' हा प्रश्न खानदेशात गेलो की मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याचेही चुकत नाही. २०१२ साली लिंबायत हा विधानसभा मतदारसंघ प्रथम निवडणुकीला सामोरा गेला, तेव्हापासून २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तिन्ही वेळी संगीता पाटील निवडून आल्या. ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात लिंबायत मोडते, तेथे २००९ पासून सी. आर. पाटील निवडून येत आहेत, आणि त्यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. महापालिकेच्या सभागृहातही आपल्याकडच्या आडनावांना तोटा नाही. पाटील, महाजन, सोनवणे, चौधरी अशी हजेरी घेतली तर क्षणभर आपण धुळ्यात आहोत की काय, असे वाटावे!

म्हणजे माणसे आपली आहेत. मग मिळाले काय? माझे उत्तर थोडे कडू आहे, पण दिवाळीच्या फराळात कारल्याची एक फोड असायला हरकत नाही. मिळाले ते असे : गोविंद्याला हंडीचे बक्षीस, गणपतीला मंडपाची वर्गणी, कानबाईच्या मिरवणुकीला पाण्याचा टँकर, चौकात नाव रंगवलेली बाकडी आणि वाढदिवसाला हातभर लांबीचा फलक. आम्ही त्या बदल्यात शाल दिली, श्रीफळ दिले आणि मते दिली. सौदा कोणाच्या फायद्याचा झाला, हे वाचकांनीच ठरवावे.

ज्यांनी लिंबायत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातली रेल्वे झाली आणि उधना-जळगाव हा लोखंडी धागा ओवला गेला. त्याच धाग्याने १९७२ च्या दुष्काळानंतर आणि पुढेही वर्षानुवर्षे आमची माणसे अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशा स्थानकांवरून सुरतेला उतरली. कोणी यंत्रमागाच्या खात्यात लागले, कोणी डाईंग मिलमध्ये, कोणी कापड बाजारात गाठी उचलू लागले. आमच्या शेजारी उत्तर प्रदेश-बिहारचे भय्ये, ओडिशाचे कारागीर, तेलुगू पद्मशाली, राजस्थानी आणि मुसलमान कुटुंबे. एका खोलीत पाच-सहा माणसे, बारा तासांची पाळी, कानात मागाचा खडखडाट. अशा वस्तीला जे घरात मिळू शकत नाही, ते बाहेर मिळावे लागते. मोकळी हवा, खेळायची जागा, वाचायची खोली आणि वेळेवर डॉक्टर. श्रीमंताच्या बंगल्यात या चारही गोष्टी कुंपणाच्या आत असतात. आमच्या त्या नगरपालिकेच्या भरवशावर असतात. म्हणूनच नगरसेवक हा श्रीमंतापेक्षा गरिबाच्या अधिक उपयोगाचा प्राणी आहे, किंवा असायला हवा.

हे मी मनाचे सांगत नाही. १९९२ सालची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशी अठरा कामे तीत मोजून दिली आहेत. सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता आहे. बाराव्यावर उद्याने आणि क्रीडांगणे आहेत. तेराव्यावर सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन आहे. गटार आणि मैदान, दवाखाना आणि ग्रंथालय हे सारे एकाच यादीत बसले आहे. आणि कायद्याचेच बोलायचे तर पुण्याची महापालिका आणि सुरतेची महापालिका एकाच मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाच्या, म्हणजे १९४९ च्या कायद्याच्या पोटच्या. राज्ये १९६० साली वेगळी झाली, नगरसेवकाची कर्तव्ये वेगळी झाली नाहीत.

आरोग्यापासून सुरुवात करू. सप्टेंबर १९९४ चा प्लेग ज्यांनी पाहिला, त्यांना वेड रोड हे नाव विसरता येणार नाही. तापीचा पूर ओसरला, चिखल आणि मेलेली जनावरे गल्ल्यांतून कुजत राहिली आणि आजार पसरला. ५० च्या आसपास माणसे दगावली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. आमची माणसे मिळेल त्या गाडीने खानदेशात पळाली, तर गावच्या वेशीवर त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. पुढे मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून काढून रोज सकाळी गल्लीबोळांत फिरायला लावले आणि दोन वर्षांत शहराचे रूप पालटले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली, त्या यशाचे मूळ तेथे आहे. हे सारे अभिमानाचेच. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. सुरतेच्या सफाईची कथा जेव्हा जेव्हा सांगितली जाते, तेव्हा एका आयुक्तांचे नाव घेतले जाते. नगरसेवकाचे नाव कोणी घेत नाही! आयुक्त बदली होऊन जातात, नगरसेवक वस्तीत राहतो. जो राहतो त्याचे नाव या कथेत नसावे, यासारखी नामुष्की दुसरी कोणती?

आणि पहिला क्रमांक आला म्हणून लिंबायतीचे पाणी ओसरले असेही नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सुटले तेव्हा बहुतेक सुरत बुडाली, ती गोष्ट वेगळी. पण मिठी खाडीचा पूर हे आमचे नेहमीचे दुखणे. जुलै २०२४ मध्ये खाडी भरली, जून २०२५ मध्ये पुन्हा भरली. घरात शिरलेले खाडीचे पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यात गटार असते, उंदरांचे मूत असते, आणि त्यातूनच लेप्टोस्पायरोसिससारखा ताप येतो. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बिस्किटांचे पुडे वाटतानाचे फोटो आम्ही पुष्कळ पाहिले. आम्हांला एप्रिल महिन्यातला फोटो पाहायचा आहे. खाडीतला गाळ निघतो आहे, काठावरचा अडथळा दूर होतो आहे आणि नगरसेवक कंत्राटदाराच्या मागे उभा राहून ट्रक मोजतो आहे, असा फोटो कोणी छापून आणला तर त्याचा सत्कार मी स्वतः वर्गणी काढून करीन.

दवाखान्याचेही तसेच. सात ते सात पाळी करणारा कारागीर सकाळच्या ओपीडीला जाणार केव्हा? गेला तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तो ताप अंगावर काढतो, खोकला अंगावर काढतो, आणि क्षयाचे निदान व्हायला महिने जातात. २०२० च्या साथीच्या सुरुवातीला लिंबायत झोन शहरातल्या सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता. दाटीवाटीच्या वस्तीत आजार उशिरा कळणे म्हणजे काय, हे तेव्हा सर्वांना कळले. मुंबईत २०२२ पासून 'आपला दवाखाना' रात्री दहापर्यंत उघडा ठेवण्याची सोय झाली. हे मुंबईत जमते तर सुरतेत का जमू नये? येथला गिरणीकामगार काय घड्याळ वेगळे लावतो? वस्तीतला कोणता दवाखाना केव्हा उघडतो, तेथे कोणत्या तपासण्या फुकट होतात, हे मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, तेलुगू आणि ओडिया अक्षरांत चौकात लावणे एवढे तरी नगरसेवकाच्या हातात आहे की नाही? स्वतःचे नाव लावायला जागा सापडते, तेथेच ही पाटीही बसेल.

आता खेळ. आमची मुले हुतूतू विसरली, अशी रड आपण ऐकतो. मुले विसरली नाहीत, त्यांच्या पायाखालची माती गेली. ज्या कबड्डीचे सामने आज दूरदर्शनच्या पडद्यावर झगमगतात, तिची नियमावली करून १९२३ साली मोठी स्पर्धा भरवली ती बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने. म्हणजे याच गुजरातच्या भूमीवर! त्याच बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा राजरत्न प्रा. माणिकरावांनी वाढवली. आणि जुने कशाला, आपल्या डांगच्या सरिता गायकवाडचेच पाहा. सुरुवातीला खो-खो खेळणारी ही मुलगी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेचे सुवर्णपदक घेऊन आली. डांगच्या जंगलात पळायला जागा होती. लिंबायतीत ती मुलगी कोठे पळाली असती? रिक्षांच्या मधून?

आमच्याकडे मैदान नाही असेही नाही. नीलगिरी मैदानाचे नाव देशभर पोहोचले आहे, कारण पंतप्रधानांच्या मोठमोठ्या सभा तेथे झाल्या. सभेसाठी दोन दिवसांत जमीन सपाट होते, दिवे लागतात, पाण्याची सोय होते. यावरून एक सिद्ध झाले की हे सारे करता येते. मग वर्षातले उरलेले दिवस ते का होऊ नये? पालिकेच्या शाळांची पटांगणे संध्याकाळी कुलपात असतात. दोन दिवे आणि एक पहारेकरी एवढ्या खर्चात शंभर पोरे गल्लीतल्या वाईट संगतीतून उठून कबड्डीच्या रेषेवर येतील. गोविंद्याचेही तेच. भागळच्या मटकीला आमची मंडळे थर लावतात तेव्हा टाळ्या पडतात. पण तालमीत पडून हात मोडला तर तो हात आईबापांचा. महाराष्ट्र सरकारने २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, मृत्यू आला तर १० लाखांच्या मदतीची तरतूद केली. येथे फोडणाऱ्याला रोख बक्षीस देण्यापेक्षा चढणाऱ्याला विमा, तालमीला गाद्या आणि चौकात रुग्णवाहिका दिली तर ती खरी गोविंदभक्ती.

संस्कृती हा शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याच्या नावावर सर्वांत जास्त गोंगाट होतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, रोट होतात, बाया रात्रभर अहिराणी गाणी म्हणतात आणि सोमवारी मिरवणूक निघते. ती गाणी आता ज्यांच्या तोंडी आहेत त्या सत्तरीच्या पुढच्या. मिरवणुकीत मात्र भोंग्यांची भिंत इतकी उंच की कानबाईला स्वतःचे गाणे ऐकू येऊ नये! भोंग्याचे भाडे देणारा दाता चटकन सापडतो. त्या म्हाताऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवायला एक खोली, एक यंत्र आणि एक होतकरू पोरगी पुरे. तो दाता मात्र सापडत नाही.

सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून बडोदा राज्यात गावोगावी मोफत वाचनालये उघडली. शेजारचा नवसारी प्रांत त्याच राज्यातला. हा मराठी राजा गुजराती प्रजेच्या भाषेत राज्य चालवीत होता. एका भाषेचा मान राखायला दुसरीचा अपमान करावा लागत नाही, हे त्याने दाखवून दिले. आज पालिकेचे कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालय घोडदोड रोडला दिमाखाने उभे आहे. लिंबायतीतला कारागीर रात्री आठ वाजता तेथे जाणार नाही. त्याला गल्लीच्या तोंडाशी खोली हवी. तीत मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू वर्तमानपत्रे पडलेली असावीत, बहिणाबाई असावी आणि नर्मदही असावा.

शाळेविषयी एकच सांगतो. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठीसह अनेक माध्यमांच्या शाळा चालवते, हे तिचे मोठेपण. या समितीचे बहुतेक सदस्य नगरसेवकांच्या मतांनी निवडले जातात. तेव्हा मराठी वर्गाला शिक्षक आहे का, ही चौकशी 'वरच्यांची' नाही, नगरसेवकाचीच आहे.

यावर ठरलेली उत्तरे येतील. पहिले, पैसा नाही. सुरत महापालिकेचा वार्षिक अर्थसंकल्प ९ हजार कोटींच्या वर गेला आहे. त्यात वाचनखोलीचे चार बल्ब बसत नसतील तर गणित कोणाचे कच्चे आहे? दुसरे, आपण परप्रांतात, फार मागू नये. परप्रांत कसला? आम्ही येथे घाम गाळतो, घरवेरा भरतो, मुले गुजराती शिकतात आणि शिकलीच पाहिजेत. २०२३ च्या कायद्याने ते सक्तीचे झाले, त्याआधीही आम्ही शिकवीतच होतो. मागतो आहोत ती वेगळी चूल नव्हे. मराठी मंडळाला सोमवारी मिळालेली खोली मंगळवारी तेलुगू भजनीमंडळाला मिळावी. तिसरे उत्तर मला एका नगरसेवकांनीच दिले होते : 'काका, खोलीत बसून वाचणारा मत देत नाही, बाकड्यावर बसणारा देतो.' या स्पष्टवक्तेपणाला माझा नमस्कार. पण मग प्रश्न त्यांचा उरत नाही, आपला होतो.

होय, आपला. पाचशेची पावती फाडून जो आपल्या मंडळाला गप्प करतो, त्याला आपणच स्वस्तात सोडतो. प्रभागात चार नगरसेवक, त्यांपैकी दोन जागा स्त्रियांच्या. किती सभांना ताईंऐवजी ताईंचे यजमान बोलतात आणि आपण टाळ्या देतो! पुढच्या खेपेला मंडळाने वर्गणीची पावती बाजूला ठेवून तीनच प्रश्न लेखी द्यावेत. गेल्या वर्षीचे अनुदान कोठे खर्च केले, त्याचा हिशेब चौकात लावाल का? शाळेचे पटांगण संध्याकाळी कोणत्या तारखेपासून उघडेल? खाडीचा गाळ पावसाआधी निघाला याची पाहणी आमच्यासमोर कराल का? तोंडी उत्तर घेऊ नये. नाहीच मिळाले तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, आणि अर्जाला अक्षरओळख पुरते.

भाऊ, ताई, तुम्ही आमचेच आहात म्हणून हे लिहिले. परक्याला कोणी जाब विचारीत नाही. शाल आमच्याकडे अजून पुष्कळ आहेत. फक्त आता ती पांघरण्याआधी मैदानाची किल्ली हातावर ठेवा.